चिमणनगरची पाहुणी

नम्रता भोयर खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढायच्या, आणि त्यात तिचा हात धरणारं टीममध्ये कोणी नव्हतं. आर्वीजवळच्या एका गावातली ही मुलगी अमरावतीला इंजिनिअरिंग करून पुण्याला आली, त्याला बारा वर्षं झाली होती. नवरा सुदर्शन वरोऱ्याचा, कॉलेजातलाच. चंदननगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा छोटा फ्लॅट, चार वर्षांची मुक्ताई आणि एक स्कूटर, एवढा त्यांचा संसार.

डिसेंबरात सुदर्शनच्या कंपनीने पुण्यातलं ऑफिस बंद केलं. दुसरी नोकरी मिळेपर्यंत मुक्ताईचं पाळणाघर बंद करायचं, असं दोघांनी ठरवलं. बालवाडी साडेअकराला सुटते, तिथून पुढे तो तिला सांभाळेल. ठरवताना नम्रतानेच जास्त जोर लावला होता. "तुलाही जरा बरं वाटेल," असं ती म्हणाली होती. मनातून तिला वाटत होतं, हा दोन दिवसांत कंटाळेल, पोरीला टीव्हीपुढे बसवेल, आणि संध्याकाळी आपण घरी आलो की मुक्ताई धावत येऊन गळ्यात पडेल.

तसं काही झालं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सुदर्शनने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू चाल. गावातले सगळे झोपलेत."

गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली, वॉशिंग मशीनच्या जुन्या खोक्यावर एक गाव उभं राहिलं होतं. काटेसावरीची लाल मांसल फुलं उलटी ठेवून त्यांच्या झोपड्या केल्या होत्या. गुलमोहराच्या वाळक्या शेंगांचे रस्ते. एका ताटलीत वावळाच्या झाडाच्या पातळ, कागदासारख्या चकत्या पसरल्या होत्या, ते गावातल्या बायकांनी वाळत घातलेले पापड. मुक्ताई या सगळ्याच्या मधोमध मांडी घालून बसली होती आणि तिच्या कपाळाला माती लागली होती.

"आई, हे चिमणनगर आहे."

"चंदननगरच्या पलीकडचा स्टॉप," सुदर्शन म्हणाला.

"बाबा सरपंच आहे," मुक्ताई सांगू लागली. "मी डॉक्टर आहे आणि बस पण मीच चालवते. खारुताई पोस्टमन आहे."

"आणि मी?"

मुक्ताई थांबली. विचार केल्याशिवाय बोलणारी मुलगी नव्हती ती. "तू पाहुणी आहेस. पाहुणे रविवारी येतात."

सुदर्शन हसला. नम्रताही हसली. मग ती हातपाय धुवायला गेली आणि बेसिनचा नळ तिने उगाचच बराच वेळ चालू ठेवला.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. आधी तिला त्याचं नाव घ्यायचीच लाज वाटली. ऑफिसात कोणाला परदेशी पाठवलं, कोणाला बढती मिळाली, तेव्हा जे होतं ते तिला ओळखीचं होतं. ते दोन दिवस टिकायचं आणि जायचं. हे जात नव्हतं. आणि हे कोणावर? स्वतःच्या नवऱ्यावर. आपणच ज्याला म्हटलं होतं की पोरीला सांभाळ, आणि जो तिला नीट सांभाळतोय. कोणाजवळ बोलायची सोय नव्हती.

सुदर्शन रोज दुपारी एकच्या सुमाराला फोटो पाठवायचा. मुक्ताई पिंपळाची कोवळी लाल पानं डोळ्यांना लावून उभी आहे. मुक्ताई ओंडक्याचा घोडा करून बसलीय. मुक्ताईने विटकरीच्या तुकड्याने फरशीभर रेल्वेचे रूळ काढलेत. जानेवारीत नम्रता जेवताना हे फोटो शेजारच्या सलोनीला दाखवायची. मार्चमध्ये तिने त्या फोटोंचा आवाज बंद करून टाकला. फोन वाजायचा नाही, पण एक वाजला की ती घड्याळाकडे बघायचीच.

"आज फोटो नाहीत?" सलोनीने विचारलं.

"असतील."

"नशीबवान आहेस यार. माझा नवरा पोराला घेऊन लिफ्टच्या बाहेर जात नाही."

"हो ना," नम्रता म्हणाली आणि डबा अर्धा तसाच बंद केला.

सकाळी वेणी घालायला बसली की मुक्ताई म्हणायची, "बाबा आधी पाणी लावतो." कंगवा अडकला की म्हणायची, "बाबाचा कंगवा अडकत नाही." कंगवा एकच होता. जेवताना ती आणि बाबा मध्येच एकमेकांकडे बघून "गुटर्र" असं काहीतरी म्हणायचे आणि दोघांना हसू फुटायचं. नम्रताने एकदा विचारलं, याचा अर्थ काय. सुदर्शनने सांगायचा प्रयत्न केला. एक कबुतर होतं, त्याने एका काकांच्या टोपीवर, असं काहीतरी. सांगितल्यावर ते अजिबात गमतीचं वाटेना. "तू तिथे असायला पाहिजे होतीस," तो म्हणाला. सहज म्हणाला.

"हो, आम्हाला कुठे सरपंचांसारखा वेळ असतो," नम्रता म्हणाली.

सुदर्शनने ताट उचललं आणि आत गेला. त्या महिन्यात त्याला दोन कंपन्यांनी नकार कळवला होता. हे नम्रताला माहीत होतं आणि माहीत असूनच ती बोलली होती.

गावाहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असे. "काय करून राहिली वं पोरगी?"

"बापासोबत आहे. दिवसभर बापासोबतच असते."

"चांगलं हाय ना मंग. तुले काय झालं?"

"मला काय होणार," नम्रता म्हणायची.

होळीच्या दोन दिवस आधी ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात एक वास दरवळत होता. हिरवट, कडसर, ओला. तो वास नाकात शिरला आणि ती दारातच उभी राहिली. गॅसवर मोठं पातेलं होतं आणि त्यात केशरी पाणी उकळत होतं. पळसाची फुलं.

"वाघोलीच्या पुढे रस्त्याकडेला एक झाड सापडलं," सुदर्शन म्हणाला. "अख्खी पिशवी भरून आणली."

मुक्ताईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. "आई, फुलं उकळली की रंग होतो. ही बाबाची युक्ती आहे."

नम्रताच्या गावाबाहेर नाल्याच्या काठी पळसाची रांग होती. होळीच्या आदल्या दिवशी सगळ्या पोरी तिथे जायच्या, ओढणीत फुलं गोळा करायच्या, आणि तिची आई अंगणात तीन दगडांवर पातेलं चढवायची. हे सगळं तिने सुदर्शनला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, कॅन्टीनमागच्या पायरीवर बसून सांगितलं होतं. दुसऱ्या कोणालाही कधी सांगितलं नव्हतं. मुक्ताई मोठी झाली की आपण तिच्याबरोबर हे करू, असं तिने मनात ठेवलं होतं. एकदा तिला गावी नेऊ, त्याच नाल्यावर नेऊ. आणि तिचं ते बालपण याने पिशवीत भरून आणलं, उकळलं, पोरीला देऊन टाकलं, आणि वर नाव बाबाचं.

"युक्ती कोणाची आहे ते सांग तिला," ती म्हणाली.

"अगं, सांगणारच होतो. तुला सरप्राइज म्हणून."

"झालं ना सरप्राइज."

रंगपंचमीला ती पोटात दुखतं म्हणून पडून राहिली. खाली पार्किंगमधून मुक्ताईच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. पळसाचा रंग सगळ्या सोसायटीला आवडला, असं सुदर्शनने वर येऊन सांगितलं.

मग तिने ठरवलं की आपणही करून दाखवायचं. पुढच्या रविवारसाठी तिने ऑनलाइन एक मोठा खोका मागवला. त्यात रंग होते, ठसे होते, कापसाचे गोळे आणि चिकटवायचे डोळे होते. डबे केले, चादर घेतली, आणि तिघं खडकवासल्याला निघाले. नांदेड फाट्यापासून गाड्यांची रांग लागली होती. स्कूटरवर मध्ये बसलेली मुक्ताई उन्हाने लाल झाली. धरणाच्या काठावर माणसंच माणसं, कणसांच्या शेगड्यांचा धूर, घोडेवाले. नम्रताने एका कोपऱ्यात चादर पसरली आणि खोका उघडला.

"बघ, आपण मासा करूया. आधी हा निळा कागद."

मुक्ताईने माशाला एक डोळा चिकटवला. दुसरा चिकटवायच्या आधीच ती उठली आणि पाण्याच्या कडेने खडे वेचू लागली. नम्रता चादरीवरून हाक मारत राहिली. सुदर्शन म्हणाला, "असू दे गं, तिला जे हवंय ते करू दे."

"तू मध्ये बोलू नकोस."

मुक्ताई एक गोल काळा खडा घेऊन आली. तो तिने बाबाच्या हातात दिला. "हा त्या जागेसाठी."

"कोणत्या जागेसाठी?" नम्रताने विचारलं.

मुक्ताईने ओठ घट्ट मिटले. मग बाबाच्या कानाशी तोंड नेलं. चार वर्षांच्या मुलांना कुजबुजता येत नाही, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "आईला सांगायचं?"

"तू ठरव," सुदर्शन म्हणाला.

मुक्ताईने आईकडे नीट बघितलं. चादर, खोका, एका डोळ्याचा मासा. "नको," ती म्हणाली. "अजून नको."

नम्रताने खोक्याचं झाकण लावलं.

सोमवारी आणि मंगळवारी ऑफिसात नम्रताने जे केलं ते तिने नंतर कोणालाही सांगितलं नसतं, जर सांगावं लागलं नसतं तर. आवाज बंद करून ठेवलेले सगळे फोटो तिने उघडले आणि एकेक मोठा करून तपासला. चूक शोधायची तिची पद्धत होती तीच तिने लावली. कोणत्या फोटोत मागे काय दिसतं, कोणत्या वारी, किती वाजता. जाडजूड वेलींच्या खाली मुक्ताई उभी असलेले सहा फोटो निघाले. त्यातले चार बुधवारचे. एकात मुक्ताईच्या मुठीत चुरगळलेलं तिकीट होतं. एम्प्रेस गार्डन.

बुधवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय असं सांगून ती दीड वाजता बाहेर पडली, रिक्षाने एम्प्रेस गार्डनला गेली आणि तिकीट काढून आत शिरली. स्वतःच्या नवऱ्याच्या मागावर निघालेल्या बायका तिने मालिकांमध्ये बघितल्या होत्या आणि त्यांना हसलीही होती.

बागेच्या मागच्या अंगाला, ओढ्याजवळ, ती दोघं तिला दिसली. ती बांबूच्या बेटाआड उभी राहिली. एका प्रचंड जुन्या झाडाची मुळं जमिनीवर आली होती आणि दोन मुळांच्या मध्ये एक खोबण झाली होती. सुदर्शन त्या खोबणीपुढे पालथा पडला होता आणि मुक्ताई त्याच्या पाठीवरून पूल ओलांडावा तशी चालत होती, हातात पानांचा भारा घेऊन. खोबणीत पानं ठेवायची, परत यायची, पुन्हा पुलावरून जायची. काहीतरी गात होती, शब्द कळत नव्हते.

नम्रताची मनातून इच्छा होती की त्याने फोन बघावा. तो कंटाळलेला दिसावा, पोरीवर खेकसावा, निदान जांभई द्यावी. पाऊण तास ती वाट बघत राहिली. त्याने फोन खिशातून काढला नाही. एकदा मुक्ताई धपकन पडली आणि गुडघा घासला. नम्रताचा पाय पुढे पडला होता. पण सुदर्शन उठला नाही, फक्त मान वळवून बघितलं. मुक्ताईने गुडघ्यावर थुंकी लावली, उठली आणि कामाला लागली. घरी नम्रतासमोर ती असं पडली असती तर अर्धा तास रडली असती. ही कोणी दुसरीच मुलगी होती, आणि ती नम्रताला कधी भेटलेली नव्हती.

तीनच्या सुमाराला ती दोघं गेली. नम्रता मुळांपाशी जाऊन वाकली. खोबणीत चिखलाच्या बोटभर उंचीच्या भिंती होत्या. आत सावरीच्या कापसाची गादी. चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा झेंडा. खडकवासल्याचा काळा खडा दारात उंबऱ्यासारखा बसवला होता. आत पानांची आसनं मांडली होती. नम्रताने मोजली. दोन होती.

तिने चप्पल खड्यावर ठेवली. तो चिखलात रुतला. तेवढ्याने भागलं असतं, पण पाय उचलला गेला आणि पुन्हा पडला, मग पुन्हा. भिंती गेल्या, झेंडा गेला, कापूस चिखलात मिसळला. सगळं मिळून दहा सेकंदही लागले नसतील. मग ती मुळावर बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. पानं झाडणारी एक बाई खराटा घेऊन जवळून गेली, थांबली, मग पुढे गेली.

शुक्रवारी संध्याकाळी नम्रता घरी पोचली तेव्हा मुक्ताई दारातच उभी होती. "आई, त्या जागेवर चोर आला होता."

"कोणत्या जागेवर?" नम्रताने विचारलं. विचारायलाच हवं होतं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नसल्यामुळे मुक्ताईने सगळं सांगितलं. झाड, खोबण, गादी, झेंडा. सुदर्शन सोफ्यावर बसून ऐकत होता. "माळ्याने झाडलं असेल," तो म्हणाला.

"झाडलेलं नव्हतं," मुक्ताई म्हणाली. "तुडवलेलं होतं."

नम्रता पर्स ठेवायला आत गेली. उद्या विसरेल, असं तिला वाटलं. पण मुक्ताई विसरली नाही. शनिवारी सकाळी तिने ओढणीने गॅलरीचं दार कडीला बांधायला लावलं, कारण चोराला आता चिमणनगर हवं असणार. दुपारी झोपायला तयार होईना. कोणीतरी जागं राहायला पाहिजे, म्हणाली. बेल वाजली की पलंगामागे जायची. बाहेर जायचं नाव काढलं की मान हलवायची. खारुताईला पण घरात घ्या, असा हट्ट धरून बसली. खारुताई म्हणजे नारळाच्या शेंडीचा एक झुपका होता.

रविवारी सकाळी नम्रता पोह्यांसाठी कांदा चिरत होती. मुक्ताई येऊन तिच्या पायाला चिकटली.

"आई, चोराला आपला मजला माहीत असेल?"

नम्रताने सुरी ठेवली. खाली फरशीवर बसली. हाताला कांद्याचा वास येत होता, म्हणून तिने मुक्ताईला जवळ घेतलं नाही.

"मुक्ते, चोर नव्हता. ते मी केलं."

"तू तिथे नव्हतीस. तू ऑफिसात होतीस."

"ऑफिसातून आले होते. तुम्ही गेल्यावर."

"पायाने केलं?"

"हो."

मुक्ताईने तिच्या पायांकडे बघितलं. मग विचारलं, "म्हणजे चोर नाहीच?"

"नाही. चोर कोणीच नाही."

मुक्ताई उठली, गॅलरीच्या दाराशी गेली आणि ओढणीची गाठ ओढू लागली. तिला सुटेना. "सोड," ती म्हणाली. नम्रताने गाठ सोडली. मुक्ताई बाहेर गेली, चिमणनगरातल्या सगळ्या घरांवरून हात फिरवून आली. भीती गेल्याचं तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. आणि भीती गेल्यावर मग राग आला.

"का केलंस?"

"मला राग आला होता. तुम्ही मला सांगितलं नाहीत म्हणून."

"राग आला तर सांगायचं असतं. बाई म्हणतात." तिचा आवाज फाटला. "बाबा, हिला सांग माझ्याशी बोलू नको."

पुढचे दोन दिवस सगळा व्यवहार सुदर्शनमार्फत चालला. बाबा, हिला सांग मला दूध नको. बाबा, हिला विचार माझा टॉवेल कुठे आहे. नम्रता निमूटपणे उत्तरं देत होती.

त्याच रविवारी दुपारी मुक्ताई अखेर झोपली तेव्हा सुदर्शन वाळलेले कपडे घडी करत बसला होता. नम्रता समोर येऊन बसली आणि घड्या घालू लागली.

"मला शुक्रवारीच कळलं होतं," तो म्हणाला. "तिथे तुळजाबाई झाडतात ना, त्यांनी विचारलं. फोटूतल्या बाई आल्या व्हत्या की परवा, एकल्याच रडत बसल्या व्हत्या, घरी बरं हाय न्हवं?"

"फोटोतल्या?"

"मुक्ता दाखवते सगळ्यांना माझ्या फोनमधला तुझा फोटो. तिकीटवाल्याला पण दाखवलाय. ही माझी आई, ती ऑफिसात चुका शोधते."

नम्रता मुक्ताईचा एक मोजा हातात धरून बसली. दुसरा सापडत नव्हता. "मग तू बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. आज बोलली नसतीस तर उद्या भांडलो असतो."

"मी जळत होते रे तुझ्यावर," ती म्हणाली. एकदा तोंडातून गेल्यावर ते तितकंसं भयंकर वाटलं नाही. "अजून जळते."

सुदर्शनने पँटची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मी पण. सकाळी तू ते कार्ड गळ्यात अडकवतेस ना, तेव्हा मी मुद्दाम आत जातो. बघवत नाही मला. तिकडे इंटरव्ह्यूला विचारतात, सध्या काय करता. काय सांगू? सरपंच आहे?"

नम्रताला हसू आलं आणि लगेच गेलं.

"पळसाचं मात्र चुकलं माझं," तो म्हणाला. "ते तुझं होतं. विचारायला हवं होतं."

"हो," नम्रता म्हणाली. "विचारायला हवं होतं."

मंगळवारी संध्याकाळी मुक्ताईने निकाल दिला, बाबामार्फतच. हिने नवीन बांधून द्यायचं, आणि मी सांगेन तसं.

बुधवारी नम्रताने दिवसभराची रजा टाकली. मॅनेजरने कारण विचारलं. "मुलीला घर बांधून द्यायचंय," तिने सांगितलं. खराडीत सगळीकडे बांधकामंच चालू असल्यामुळे त्याने ते खरं मानलं आणि अभिनंदन केलं.

मुक्ताई कमरेवर हात ठेवून मुळावर उभी राहिली आणि काम सांगू लागली. माती आण. ओली आण. एवढी ओली नको. भिंत वाकडी आहे, पाड. नम्रताने ओढ्याकडून बाटलीच्या झाकणाने पाणी आणलं, कारण बाटलीने आणायला परवानगी नव्हती. ऊन चढलं. तिची कंबर धरली, नखांत चिखल गेला. सुदर्शनला लांब बाकावर बसवलं होतं आणि त्याला जवळ यायची मनाई होती. मदत केली तर शिक्षा मोजली जाणार नाही, असं मुक्ताईचं म्हणणं.

भिंती झाल्यावर मुक्ताई म्हणाली, "आता भांडी पाहिजेत."

नम्रताने आजूबाजूला बघितलं. वडाची पडलेली पानं उचलली, पुसली, एकावर एक ठेवली, कडा दुमडल्या आणि बारीक काड्या खोचत गेली. पंचवीस वर्षांत तिने हे केलं नव्हतं. बोटांनी आपलं आपण केलं. अंगठ्याएवढा एक द्रोण तयार झाला, मग दुसरा, मग एक पत्रावळ.

मुक्ताई मुळावरून खाली उतरली. द्रोण हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. त्यात पाणी घातलं. ते सांडलं नाही.

"हे कोणी शिकवलं?"

"माझ्या आईने."

"बाबाला येतं?"

"नाही."

मुक्ताई बाकाच्या दिशेने वळली. "बाबा, तुला हे येत नाही."

"नाही येत," सुदर्शनने तिथूनच कबूल केलं.

नम्रताने खाली मान घालून पुढची काडी खोचली. तिला झालेला आनंद चांगला नव्हता, हे तिला कळत होतं. तरी तो तिने पुरवून पुरवून घेतला.

शेवटी मुक्ताईने आसनं मांडली. आत दोन. तिसरं एक पान तिने उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि दाराबाहेर ठेवलं. "तू इथे बस. आत आलीस तर परत तुडवशील." मग जरा विचार करून म्हणाली, "मी तुला जेवण बाहेर आणून देईन." आणि खरंच पत्रावळीवर माती वाढून आणली. चार वेळा आणली. बाबाला एकदाच दिली. नम्रताने मोजलं.

एप्रिलच्या शेवटी सुदर्शनला बाणेरच्या एका कंपनीत काम मिळालं. सकाळी आठला निघायचा, यायला आठ वाजायचे. पाळणाघर पुन्हा सुरू झालं, आणि नम्रताने भांडून बुधवारी घरून काम करायची सवलत घेतली, दुपारची दोन तासांची सुट्टी धरून. पहिले काही दिवस मुक्ताईने बाबासाठी इतका आकांत केला की नम्रताचं जुनं दुखणं पुन्हा वर आलं. आपण गेल्यावर ही अशी कधी रडली होती का, हा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला आणि उत्तर शोधायचं टाळलं.

पहिल्या बुधवारी तिने फार तयारी केली नाही. दोघी साडेअकराला नदीच्या बाजूच्या बागेत गेल्या. ताम्हणाला जांभळी फुलं आली होती. मुक्ताईने एक फूल उचललं, एक मुंगळा बघितला, आणि पाऊण वाजायच्या आत म्हणाली, "आई, शी आली." बागेतलं स्वच्छतागृह बंद होतं. दोघी रिक्षाने धावतपळत घरी आल्या. मग बाहेर परत जायचा दोघींनाही कंटाळा आला. नम्रताने कलिंगड कापलं. गॅलरीच्या फरशीवर पाय पसरून दोघी खात बसल्या. कोण लांब बी थुंकतं ते बघायचं, असं मुक्ताईने ठरवलं. नम्रताची बी कठड्याच्या वरून गेली. मुक्ताईच्या तीन बिया गजांमधून गेल्या.

खालच्या मजल्यावर रावसाहेब कुलकर्णी राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे पांढरे शर्ट दोरीवर वाळत होते. त्यांनी गॅलरीतून डोकं बाहेर काढलं आणि वर बघितलं.

"भोयर बाई," ते शांतपणे म्हणाले, "शेती करायचा विचार असेल तर जमीन घ्या. माझे शर्ट मी पेरणीला देत नाही."

नम्रताने मुक्ताईचं मनगट धरलं आणि दोघी वाकून, गुडघ्यांवर रांगत, आत पळाल्या.